म्हशींना आफ्रिकेचा वळसा

आमच्या ह्यांना जगाची फार काळजी. घरातलं मीठ संपलंय का, ते त्यांना विचारू नका. पण अमेरिकेच्या पोटात काय आहे आणि रशिया कुणाकडे बघून डोळे वटारतो, ते सगळं तोंडपाठ. पिंपरीला औषधाच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या खात्यात नोकरी. पहिली पाळी संपवून घरी आले की हातात वर्तमानपत्र. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली तरी डोकं वर नाही. नाव ज्योतीराम, लोक ज्योतीराव म्हणतात. घेते बाई आता सरळ, उखाण्याबिखाण्याची भानगड नको.

तर छप्पन साली इजिप्तनं सुवेझचा कालवा आपल्या ताब्यात घेतला, आणि आनंद झाला तो आमच्या ह्यांना. कॉलनीतल्या आमच्या ओट्यावर उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "अगं, इतकी वर्षं कालवा त्यांच्या जमिनीतून, आणि मालकी गोऱ्यांची! ज्याची जमीन त्याची वाट. साधी गोष्ट आहे."

मी पोटुशी, पाय सुजलेले. म्हटलं, "छान झालं. आता ज्याचं घर त्यानं ती पाण्याची बादली आत आणावी."

आणली. पण येताना निम्मं पाणी इजिप्तच्या नावानं उंबऱ्यावर सांडलं.

आमची कॉलनी तेव्हा नवीकोरी. भिंतींना चुन्याचा वास, दारं अजून फुगलेली. माणसं कुठनं कुठनं आलेली, कुणी बार्शीचं, कुणी बीडचं, कुणी रत्नागिरीचं. आमच्या आधी तिथं मोकळा माळ होता आणि त्या माळावरून गोजाबाईच्या म्हशींची वाट होती. गोजाबाई तिथल्या जुन्या वाडीतली. वाडी कॉलनीच्या ह्या अंगाला, ओढा त्या अंगाला, आणि मधे आम्ही येऊन बसलो. म्हशींना कुणी सांगितलं नव्हतं की इथं आता सुशिक्षित लोक राहतात. त्या रोज दुपारी आमच्या दोन चाळींमधल्या बोळातून ओढ्यावर जायच्या आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत. सगळ्यात पुढं चंद्री नावाची कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस. ती चालायची अशी, की जणू कॉलनी तिच्याच परवानगीनं बांधलीय.

जाताना म्हशी काय टाकून जायच्या, ते सांगायला नको. आमच्या कॉलनीच्या कमिटीचे सेक्रेटरी उद्धवराव, फार टापटिपीचा माणूस, त्यांच्या पांढऱ्या पँटला एकदा शिंतोडा उडाला आणि तिथून सगळं सुरू झालं. कमिटीची बैठक बसली. "आपण औषध तयार करणारी माणसं," उद्धवराव म्हणाले, "आणि आपल्याच दारात शेण!" बोळाला तारेचं कुंपण घालायचं ठरलं. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांनी केले. आमच्या ह्यांनीही केला. दुसऱ्या हातात वर्तमानपत्र होतं, त्यात कालव्याची बातमी होती, आणि ती वाचता वाचताच केला.

दिवाळीच्या सुमाराला तिकडे लढाई पेटली, कालव्यात जहाजं बुडवली आणि वाट बंद. इकडे त्याच आठवड्यात बोळाच्या तोंडाशी खांब ठोकले, तार ओढली आणि वाट बंद. तिकडची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून निघाली, इकडच्या म्हशी मुंबई-पुण्याच्या मोठ्या रस्त्यानं.

मला मात्र हसू येत नव्हतं. कारण गोजाबाई माझी कुणी नव्हती आणि सगळं काही होती.

माझी आई मी लहान असतानाच गेली. सासूबाई बार्शीला, गुडघ्यांनी जागच्या उठत नव्हत्या. मुलगी झाली तेव्हा मी क्वार्टरमध्ये एकटी. हे खाटेजवळ उभे राहून पोरीला शांततेच्या बातम्या सांगायचे. तेव्हा गोजाबाई आपण होऊन आली. कुणी बोलावलं नव्हतं. पदर खोचला, मला म्हणाली, "शालन, पोरी, पाय पसर," आणि तेल चोळायला बसली. रोज यायची. मला न्हाऊ घालायची, पोरीला पायांवर घेऊन असं रगडायची की पोर आधी ओरडायची आणि मग ढेकर देऊन झोपायची. मग गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर ओवा, आणि खाटेखाली शेगडी. त्या शेकाची ऊब अंगात भरली की मला आईच्या आठवणीनं रडू यायचं. गोजाबाई म्हणायची, "धूर लागला व्हय गं डोळ्याला?" तिला कळायचं सगळं.

कुंपण घातल्यापासून तीही लांबून यायला लागली, वळसा मोठा म्हणून म्हशी घेऊन सकाळीच निघायची. डोक्यावर पाटी, पुढं म्हशी, आणि त्या रस्त्यावर ट्रक असे धावायचे, की ड्रायव्हरांच्या घरी जणू आगच लागलीय. यायची तेव्हा धापा टाकत असायची. पण कुंपणाबद्दल चकार शब्द नाही.

आणि मग कॉलनीतलं रॉकेल संपलं.

आधी दोन बाटल्यांच्या जागी एक, मग एकीच्या जागी अर्धी, मग स्टेशनजवळच्या रंगरावांच्या दुकानाबाहेर रांग, आणि रांगेच्या शेवटी रिकामे हात. रॉकेलची बोट वाटेत आहे, एवढंच ऐकू यायचं. आमच्या कॉलनीत सगळ्यांकडे पितळेचे स्टो. मोठ्या तोऱ्यात घेतलेले. चूल म्हणजे खेडवळपणा! आता ते स्टो घासूनपुसून फळीवर बसले. लाकडाच्या वखारींचीही तीच गत, पुण्याच्या लोकांनी आधीच झाडून नेलेलं. परसात तीन दगड मांडले गेले. पण दगड काही स्वतः जळत नाहीत.

"म्हणजे बघ," हे मला समजावत होते, "तेल निघतं अरबस्तानात, विहिरी गोऱ्यांच्या, बोटी गोऱ्यांच्या, वाट इजिप्तची, आणि पिठलं अडलं आपलं. परक्याच्या इंधनावर चूल पेटवली, की आपल्या ताटात काय वाढायचं तेही परकाच ठरवतो."

"ताटात आज काहीच वाढायचं नाहीये," मी म्हटलं, "तेव्हा कुणी ठरवायचा प्रश्न नाही."

सगळ्या बायका मग गोजाबाईकडे गेल्या. तिच्या परड्यात गोवऱ्यांचा ढीग माणसाच्या उंचीएवढा. उद्धवरावांच्या सुमनताई सगळ्यात पुढं, नाकाला लावायचा पदर आज खांद्यावर. गोजाबाईनं सगळ्यांना पाणी दिलं, गूळ दिला. मग म्हणाली, "गवऱ्या हायत की. पन आनू कुठनं? वाट न्हाई. मोठ्या रस्त्यानं मी माझ्या बाळंतिनीपुरतं आनते, तेवढाच जीव हाय माझ्यात. तुमी वाट सोडा, मी दारात आनून टाकते."

बायकांनी घरी येऊन नवऱ्यांना सांगितलं. पुन्हा कमिटी. उद्धवराव ताडकन उठले. "हा दबाव आहे! आज गोवरीसाठी वाट सोडली, तर उद्या ही बाई आपल्याला काय काय करायला लावेल? आपण स्वतःच्या पायावर उभं राहू. गोवऱ्या आपण थापू!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात आमच्या ह्यांच्या. स्वावलंबनाचं नाव काढलं की ह्यांचे हात आपोआप वाजतात.

आता गोवरी थापायची तर शेण हवं. शेणासाठी म्हैस हवी. कॉलनीत म्हैस यायची ती एका वाटेनं, आणि त्या वाटेला ह्यांनीच तार लावलेली. हे टाळ्या वाजवून झाल्यावर लक्षात आलं. पण आता माघार घेतील तर ते कमिटीवाले कसले! रविवारी सकाळी आठ-दहा पुरुष, कारखान्यात चकचकीत बाटल्या हाताळणारे, टोपल्या घेऊन मोठ्या रस्त्यानं गोजाबाईच्या म्हशींच्या मागून चालत होते. चंद्री थांबली की सगळे थांबायचे. तिनं शेपूट उचलली की उद्धवराव पुढं धावायचे. ज्या शेणापायी कुंपण घातलं, त्याच शेणाची अशी मिरवणूक मी तरी दुसरी पाहिली नाही. मी ओट्यावर पोरीला घेऊन उभी होते. हसून हसून माझे टाके दुखायला लागले.

गोवऱ्या थापल्या कमिटीच्या खोलीच्या मागच्या भिंतीवर, कारण उद्धवराव म्हणाले, दर्शनी भाग खराब नको. त्या भिंतीला दिवसभर ऊन नाही. शेणात भुसा घालतात, हे कुणाला ठाऊक नव्हतं. आणि जाडी? आमच्या ह्यांची एकेक गोवरी उशीएवढी. दोन दिवसांनी निम्म्या गळून पडल्या, उरलेल्यांना बुरशी आली. एक सुमनताईंनी हट्टानं पेटवली, तर साऱ्या चाळीत धूर, आणि भात कच्चा.

गोजाबाई तिथून जाताना थांबली. भिंतीकडे निरखून बघितलं. "ही थालीपिठं कुनी थापली?"

हे वर्तमानपत्राआड गेले.

"जाड हायत, पन मन लावून थापल्यात," ती म्हणाली आणि पुढं गेली. त्या दिवशी पहिल्यांदा मला ह्यांची दया आली.

आमच्या पोरीचं बारसं तोवर व्हायचंच होतं. कानात नाव सांगायला आत्या हवी, आणि माझी नणंद बार्शीहून निघायला तयार नव्हती, सासूबाईंना सोडून येणार कशी? शेवटी शेजारणीला त्यांच्याजवळ बसवून ती आली. सारी कॉलनी जेवायला सांगितलेली. घुगऱ्या, पुरणपोळ्या. आणि घरात जळण म्हणून माझ्या शेगडीतल्या चार गोवऱ्या.

बारशाच्या सकाळी रंगराव आले. तेच स्टेशनजवळचे दुकानदार, अंगात रेशमी सदरा, मागं हमाल आणि हमालाच्या डोक्यावर रॉकेलचा भरलेला डबा. सीलबंद! मी इतक्या दिवसांत रॉकेलचा वाससुद्धा घेतला नव्हता. रांगेत बायका ताटकळत होत्या, तेव्हा हा डबा कुठे होता, देव जाणे.

"ज्योतीराव, लेकीला आमचा आहेर," रंगराव म्हणाले. "आणि काळजी करू नका, कमिटीच्या प्रत्येक माणसाची सोय करतोय मी. अट काही नाही हं! मित्र म्हणून. फक्त ते कुंपण तसंच राहू द्या. बोळाच्या तोंडाशी मी दुकानाची जागा बघतोय. तुमच्याच सोयीचं आहे. तिथून म्हशी जायला लागल्या तर गिऱ्हाईक कसं येणार?"

रंगराव गेले. डबा घराच्या मधोमध बसला. हे त्याच्याभोवती फिरत होते.

"मदत घेतली म्हणजे मिंधं झालं असं नाही," हे म्हणाले. "आपला देशसुद्धा दोन्हीकडून मदत घेतो आणि अलिप्त राहतो."

"देशाला पुरणपोळ्या करायच्या नसतात," नणंद आतून म्हणाली. "पेटवा तो स्टो."

आणि मीही पेटवला असता. खोटं कशाला बोलू? पुरण शिजायचं होतं. मी स्टो पेटवायच्या काकड्याला हात घातला, तेवढ्यात गोजाबाई आली.

तिची पाटी रिकामी होती. लुगड्याला चिखल. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "काय न्हाई." मग पोरीला पायांवर घेतलं, तेल लावायला लागली, आणि अर्ध्यातच पोरीला परत माझ्याकडे दिलं. "चंद्रीला ट्रक घासला. शिंग मोडलं. रगत लई गेलं. मी मधी व्हते, मला ढकललं तिनं बाजूला." एवढं बोलून ती भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "गवऱ्या सांडल्या समद्या. तुझ्या बारशाच्या व्हत्या."

म्हणजे ह्या बाईनं बारशापुरत्या गोवऱ्या डोक्यावर घेऊन, ट्रकांच्या मधून, त्या लांबच्या वाटेनं चालवल्या होत्या. मला असा राग आला, असा राग आला, की डोळ्यांत पाणीच आलं. पोर खांद्यावर टाकली आणि ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अहो, एक सांगा. तो कालवा कुणाचा?"

"इजिप्तचा," हे सवयीनं म्हणाले.

"का?"

"ज्याची जमीन…" म्हणाले, आणि थांबले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वाक्य अर्धं सोडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ह्यांनी गोजाबाईकडे बघितलं. डब्याकडे बघितलं. मग डबा उचलला, डोक्यावर घेतला आणि निघाले. मागून नणंद ओरडतेय, "अरे, पुरण! अरे दादा, पुरण!" स्टेशनापर्यंत डबा डोक्यावर नेला. रस्त्यात रांगेतल्या बायका भरलेला डबा उलट्या दिशेनं जाताना बघून चाट पडल्या. रंगरावांच्या दुकानात ठेवला आणि म्हणाले, "आहेर पोचला. आता परत घ्या."

येताना कुणाकडून तरी पक्कड आणली आणि बोळाच्या तोंडाशी जाऊन तार कापायला लागले. पक्कड धरायची सवय नाही. दोनदा बोट चिमटलं. उद्धवराव धावत आले, "ज्योतीराव, हे नियमबाह्य आहे!" त्यांच्या मागोमाग सुमनताई रिकामी पाटी घेऊन आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाजूला व्हा. गोवऱ्या यायच्यात." त्यांच्या मागं आणखी पाच-सहा बायका. उद्धवराव बाजूला झाले. कमिटीचा नियम म्हणजे शेवटी भातावर चालणारी गोष्ट.

तार पडली. बायका त्याच वाटेनं वाडीत गेल्या आणि पाट्या भरभरून आल्या. बारसं झालं. पुरणपोळ्यांना धुराचा वास होता, आणि लोकांनी बोटं चाटून खाल्ल्या. पुढं चार महिने साऱ्या कॉलनीची चूल गोजाबाईनं पेटवली. "गोजाबाई, बसा", "गोजाबाई, चहा घ्या". उद्धवराव तर चंद्रीला शिंगाबद्दल विचारायचे.

इथंच गोष्ट संपली असती तर मी सांगितलीच नसती.

एप्रिलात तिकडचा कालवा मोकळा झाला. आठ-पंधरा दिवसांत रॉकेल आलं. फळीवरचे स्टो खाली उतरले, सुरसुर आवाज घराघरांतून यायला लागला. मलाही बरं वाटलं, धुरानं जीव मेटाकुटीला आला होता. गोजाबाईच्या परड्यातला ढीग पुन्हा वाढायला लागला. तिला आता चहाला कुणी बसवेना. मग उन्हाळ्यात माश्या झाल्या, आणि उद्धवरावांच्या पँटला पुन्हा शिंतोडा उडाला.

कमिटी बसली. "आता आपण कुणावर अवलंबून नाही," उद्धवराव म्हणाले. "तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

हे उठले. हातात वर्तमानपत्र नव्हतं, म्हणून मी दारातून नीट ऐकलं. "गरज होती तेव्हा वाट तिची, आणि गरज संपली की वाट आपली? मग गोरे आणि आपण, फरक काय? कुंपणाला मी हात वर केला होता, तो आज खाली घेतो." मला ह्यांचा फार अभिमान वाटला, आणि तो मी अजून त्यांना सांगितलेला नाही, डोक्यावर बसतील.

भाषण उत्तम झालं. मतं मात्र पडली कुंपणाला. ह्यांच्या बाजूनं एकच हात, ह्यांचाच.

जुने खांब टंचाईत केव्हाच चुलीत गेले होते, म्हणून रविवारी नव्या खांबांसाठी खड्डे खणले गेले. मजूर खांब आणायला गेले, तेवढ्यात आमच्या ह्यांनी घरातली लोखंडी खाट ओढत नेली आणि बोळाच्या तोंडाशी आडवी टाकली, बरोबर खड्ड्यांच्या मधे. वर आडवे झाले, तोंडावर वर्तमानपत्र. "मी इथून हलणार नाही," म्हणाले. "ही वाट कुणाला बंद करू देणार नाही." उद्धवराव आले, समजावलं, चिडले. मजूर खांब खांद्यावर घेऊन उभे. सगळी कॉलनी ओट्यांवर. मला लाज वाटत होती आणि भलतंच प्रेमही येत होतं.

दुपार झाली. वाडीकडून म्हशी आल्या. पुढं चंद्री, एका शिंगाची. ती खाटेपाशी येऊन थांबली. तिच्या मागं बाकीच्या थांबल्या. चंद्रीनं वर्तमानपत्र हुंगलं. हे डोळे मिटून, छाती पुढं काढून, वाटेचं रक्षण करत पडलेले.

मागून गोजाबाई आली. तिनं खड्डे बघितले, खांब बघितले, उद्धवरावांना बघितलं, खाट बघितली. तिला सगळं समजलं. पदरानं डोळे पुसले आणि खाटेजवळ वाकून हळूच म्हणाली, "ज्योतीराव, लई उपकार झालं. पन खाट जरा सरकवा. म्हशी तटल्यात."

हे खडबडून उठले. साऱ्या कॉलनीत हशा पिकला, उद्धवरावांनाही आवरेना. ह्यांनी खाट एकट्यानं ओढून बघितली, पण खाटेचा एक पाय खड्ड्यात अडकला होता. उद्धवरावांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि काय वाटलं कोण जाणे, पुढं येऊन दुसऱ्या बाजूनं खाट धरली. दोघांनी मिळून ती बाजूला घेतली.

चंद्री निघाली, नेहमीच्या चालीनं. खड्ड्यापाशी आली, शेपूट उचलली आणि खड्डा काठोकाठ भरून पुढं ओढ्याकडे गेली. मजुरांनी खड्ड्यात पाहिलं, मग उद्धवरावांकडे पाहिलं.

"राहू द्या," उद्धवराव म्हणाले.